अर्धवट राहिलेले फेरे

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं! नवऱ्याचं आयुष्य बायकोनं वडाकडे मागायचं, आणि नवऱ्यानं ते घरी बसून कढईत तळायचं — हा कुठला धर्म? ऐका तर मग.

एका गावात हिंदुराव नावाचा गडी. अंगानं काटकुळा, चालायला तुरुतुरु. रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल वाढलेलं! डॉक्टर म्हणाले, हे दिसत नाही, दुखत नाही. नळाच्या पाइपात क्षार धरतो तसं हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचत जातं. तळण सोडा, गोळी रोज घ्या. घेतली. पुढचा रिपोर्ट चांगला आला — आणि पठ्ठ्यानं पेढे वाटून गोळीच बंद केली! अहो, रिपोर्ट सुधारला कुणामुळे? गोळीमुळेच ना? बायको पुष्पाबाई, तिनं परोपरीनं सांगितलं. तर म्हणे, तो जाड्या माणसांचा रोग, मला काय धाड भरलीय!

आली वटपौर्णिमा. बाईंना कडक उपास. निघताना बघतात तर यांच्या कपाळावर घाम, हात जबड्यावर. म्हणाले, पित्त झालंय, रात्रीची भजी बाधली. तू जा, पूजा चुकवू नकोस.

गेल्या. पाय पुढे, जीव मागे! हातात सूत, तोंडानं सात जन्म मागतायत, आणि डोळ्यापुढे तो घाम. पित्तच असेल. पण मग जबडा का धरला होता? शेजारणीचा दीर असाच पित्त पित्त म्हणत गेला होता. कितवा फेरा चाललाय, तेही बाईंना आठवेना. त्या थांबल्या.

बायका म्हणाल्या, अगं, फेरे अर्धवट टाकू नकोस, नवऱ्याला अरिष्ट येईल. आता काय करावं हो त्या माउलीनं? पुरे करावेत, तर उशीर. सोडावेत आणि काही ओढवलं, तर जन्मभर बोल तिलाच.

बाईंनी सुताची गुंडी बुंध्याशी ठेवली. हात जोडले.

"देवा, माझा माणूस घरी आहे. मी तिकडं जाते."

सुटल्या धावत! घरात हिंदुराव भिंतीला टेकलेले, चेहरा पांढराफटक. बाईंनी ना सोडा दिला, ना लिंबू. शेजाऱ्याला जीप काढायला लावली आणि वाटभर त्यांचा हात सोडला नाही. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनी बंद पडत आली होती; आणखी वेळ गेला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं.

वाचले! हिंडू-फिरू लागल्यावर हिंदुराव बाईंना घेऊन त्या वडापाशी गेले. पावसात भिजलेलं सूत तिथंच पडलं होतं. त्यांनी ते उचललं. डोळे भरून आले होते.

"तू मागत राहिलीस, मी उधळत राहिलो. राहिलेले फेरे मी घालतो."

बाई म्हणाल्या, "फेरे राहू द्या. सकाळची गोळी घेतली का?"

हसताय? हसा! पण हाच प्रश्न माझा तुम्हाला आहे. आधी शेजारी बघा. तुमच्यासाठी उपास धरणारी माउली तुमच्याकडेच बघतेय. तिला उत्तर द्या, मग टाळ उचलू या आणि विठ्ठल म्हणू या.