रस्त्याकडे तोंड केलेलं घर

नाय, नाय, भिंतीला टेकू नका चिमणभाऊ — असे मधे सरका. तापलीय जरा. वैशाख आहे, तापायचीच. पाणी घ्या. मुलीच्या बापाने घर बघायला यावं ते असंच, भर दुपारी, न कळवता — कळवलं असतं तर पत्र्यावर चार घागरी पाणी तरी मारून ठेवलं असतं. म्हणजे — धूळ बसते ना, म्हणून.

आशागडच्या लग्नात तुम्हीच बोललात, चार माणसांत — पक्कं घर असेल तिथंच जानीला देईन. आमच्या रघ्याचं तोंड तेव्हा बघायला पाहिजे होतं तुम्ही. मी म्हटलं, थांब, बाप जिवंत आहे तुझा. गुजरात वेगळं झालं त्या साली पाया खणला. सिमेंटच्या परमिटासाठी डहाणूला नऊ खेपा मारल्या, पत्रे मुंबईहून आणले. झाई गावात, आमच्या आळीत पयलं पक्कं घर कोणाचं? या मोतीरामचं. बस वळते तेव्हा डायवरसुद्धा मान वळवून बघतो. दार मुद्दाम रस्त्याकडे केलं. माझ्या बापाने समुद्राकडे केलेलं — तिकडे कोण बघणार, खेकडे?

त्याचं ते घर — घर कसलं, कारवीचा कुड, वर शेणामातीचं लिंपण, माडाच्या झावळ्या. छपराचं पाखं इतकं खाली उतरवलेलं की वाकूनच शिरायचं. मी हसायचो, स्वतःच्या घरात चोरासारखा काय शिरतोस? तर म्हणायचा, उन्हाला वाकता येत नाय रे, म्हणून ते बाहेर राहतं. कुड आणि छप्पर यांच्यामधे हातभर मोकळं सोडलेलं, दुपारचा खारा वारा इकडून शिरायचा, तिकडून जायचा — आणि थंडीत त्याच कुडाला पाठ लावून बसलं की ऊब. कुठल्या शाळेत शिकला होता? अंगठा उठवायचा. मी चार बुकं शिकलो, आणि गवंडी सांगत होता, मोतीरामभाऊ, पाखं पुढे काढा, तर मी म्हटलं आखूडच ठेव, नायतर रंगवलेली भिंत झाकली जाईल.

कोण खोकलं? कोणी नाय. मागे खोपी आहे, जुन्या घराचा एक कोपरा जाळी ठेवायला राखलेला — बायका असतील. बरं, पुतळी आहे. रघ्याची आय. दुपारची बसते तिकडे. रात्रीची पण. होळीपासून. या पत्र्याखाली दोनदा चक्कर आली तिला, दुसऱ्यांदा चुलीपाशीच पडली, कोपरापर्यंत हात भाजला. उठली, अंथरूण गुंडाळलं आणि गेली. जाताना एवढंच म्हणाली, घर तुम्ही रस्त्यासाठी बांधलंय, रस्त्यालाच राहू दे. रघ्या पण तिकडेच जेवतो. मला ताट इथं आणून देतात.

मी का जात नाय? कसा जाऊ? घरात पाय ठेवला त्या दिवशी आख्ख्या आळीसमोर समुद्राला नारळ दिला आणि बोलून बसलो, हा मोतीराम आता कुडात पाय ठेवणार नाय. कोणी विचारलं नव्हतं, मीच बोललो. नारळ देऊन बोललेलं फिरवायचं, आणि उद्या त्याच पाण्यात पोराची होडी घालायची? नाय होत माझ्याच्याने. दहा पावलांवर आहे हो खोपी. तिचा खोकला ऐकू येतो, आणि मी इथं पंख्याने वारा घेत बसतो.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुम्ही घर बघायला आलात.

उठा, चिमणभाऊ. मागे जाऊन या. वाकून शिरा, पाखं खाली आहे. तिच्या हातचा चहा घ्या, मग जानीचं ठरवा — आणि देणार असाल तर ती खोपी बघून द्या, हे घर बघून नको. पुतळीला सांगा — काय सांगणार तुम्ही. नका सांगू काही.

मी? चारची बस यायची वेळ झाली. ओट्यावर कोणीतरी दिसायला पाहिजे, नायतर लोक म्हणतील ओस पडलंय. दार राहू द्या उघडं. जा तुम्ही. जा म्हटलं ना — ती बघा, बस वळली.