बेसिनमध्ये ओतलेला नमुना

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे विभागप्रमुख सर, सरांच्या मिसेस, आणि प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला सांगितलंय. बोलते. तीस वर्षांत सरांचा एकही रिपोर्ट उशिरा गेला नाही. टाळ्या वाजवा ना, खरंच आहे ते.

सरांनीच मला शिकवलं, की पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःची सदतीस जनुकं असतात. त्यातली बावीस टी-आरएनएची. हे टी-आरएनए म्हणजे हमाल. प्रथिनं घडतात तिथे एकेक अमिनो आम्ल पोचवतात. जनुकातलं एक अक्षर बदललं, की हमाल अडखळतो आणि कान, मेंदू, स्नायू उपाशी राहतात. किती छान समजावलं होतंत, सर!

मग माझी थोरली बहीण आजारी पडली. ऐकू कमी, साखर जास्त, जिना चढताना पाय गळायचे. सरांनी रक्त तपासलं, दोष नाही. मी म्हटलं, "सर, वय वाढतं तशा रक्तातल्या सदोष जनुकाच्या प्रती कमी होतात. लघवीतल्या पेशींत सापडतील. नमुना आणलाय."

सरांनी बाटली घेतली, बेसिनमध्ये ओतली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही टेक्निशियन आहात, तेवढंच राहा." रिपोर्टवर लिहिलं, 'मानसिक'.

तीन वर्षं ताईनं मनाच्या गोळ्या खाल्ल्या. घरात सगळे म्हणायचे, नाटकं करते. आईसुद्धा! पुढे सर परिषदेला गेले, त्या आठवड्यात मी दुसरी बाटली भरून आणली. उपप्रमुखांनी परवानगी दिली. दोष सापडला. तो आईकडूनच येतो. थोडा माझ्यातही आहे. ताईचे कान वाचले असते, असं मी म्हणत नाही. पण तिला खोटारडी कुणी म्हटलं नसतं.

नाही, अध्यक्ष महोदय, चिठ्ठी पाठवू नका. ताई पहिल्या रांगेत बसली आहे. तिला ऐकू येत नाही, म्हणून हे भाषण छापून तिच्या हातात दिलंय. ती बोट ठेवून वाचतेय. एक ओळसुद्धा गाळता येणार नाही.

सर, ही तुमची भेट. तुम्ही बेसिनमध्ये ओतलीत तीच बाटली, धुऊन ठेवलेली. लेबलवर ताईचं नाव आहे. घरी दिसेल अशा ठिकाणी ठेवा.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाची क्षमा मागते. सरांची नाही.