सर्व्हेत पहिलं आलेलं नाव

नाही ताई, काच खाली करू नका, धूळ येते — आणि तो आवाज… आगं आई! — बघा, परत दचकले. हसा, हसलात तरी चालेल, सकाळपासून तुम्ही हसलेल्याच नाहीत. फटाके रोहिणीताईंच्या माणसांचेच आहेत, तिकीट नाही मिळालं तरी अपक्ष उभ्या राहिल्याच ना त्या. दुसऱ्या फेरीतच फटाके म्हणजे काय — अजून निम्मी गावं मोजायची आहेत! टपाली मतं आणि पहिली दोन-चार मशिनं, त्यावरून काय कळतं? काही कळत नाही. म्हणजे… कळतं. आमच्या कंपनीत आम्ही तेच तर करतो, थोड्या माणसांना विचारायचं आणि सगळ्या गणाचं, सगळ्या मतदारसंघाचं सांगायचं. पण चुकतो आम्ही. फार चुकतो. चहा घ्या ना, साय धरली बघा. ड्रायव्हर विशाल तिकडं टपरीवरच थांबलाय, म्हणाला, मी गाडीत नको, तुमी बायका बोला. आणि तुमचे मानसिंगराव आत, मोजणीच्या टेबलापाशी. जाताना मला म्हणाले, तुझ्या ताईला एकटं सोडू नको. तशी मी सोडणारच नव्हते. मला तुमच्याशी — नाही, आधी तो फोन इकडं द्या. द्या ना ताई. आता कुणाला लावताय?

सांगवीच्या मशिनात रोहिणीताई पुढं निघाल्या म्हणून सिंधुबाईंना झाला ना लावून. स्पीकरवर टाकून, सगळ्या कार्यकर्त्यांसमोर — दुतोंडी म्हणालात तुम्ही त्यांना. माझ्या दारात बसून माझं नाव घेतलंस आणि मत दुसरीला टाकलंस, म्हणालात. मी तीन महिने झाले तुमच्यासोबत आहे, तुमच्याच ताटात जेवलेय, तुमच्या तोंडून मी असलं कधी ऐकलं नव्हतं. आणि ती म्हातारी पलीकडून नुसतं ‘आगं पोरी, आगं पोरी’ करत होती. आता सांगवीतल्या बाकीच्या बायकांना पण लावणार? उद्या एकेकीच्या दारात जाऊन विचारणार? नका ताई. पाया पडते. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणजे बोलल्या, पण ते खोटं नव्हतं — थांबा, मला नीट सांगू द्या, मी घाबरले की माझं सगळं उलटसुलट होतं.

तो सर्व्हे आठवतो ना, दिवाळीनंतरचा? तिकीट कुणाला द्यायचं म्हणून पक्षानं लोकांना विचारायला लावलं होतं — पंचायत समितीला कोण हवं, संजीवनीताई की रोहिणीताई? तो आमच्याच कंपनीनं केला. दिग्विजय सरांनी. हो, ज्यांनी नंतर मला तुमच्या प्रचाराला पाठवलं, तेच. आणि सांगवीत दारोदार टॅब घेऊन फिरलेली पोरगी मीच. तुम्हाला माहीत नव्हतं, कारण सर म्हणतात, आपण कुठं फिरलो ते उमेदवाराला सांगायचं नसतं. हे मला बरंच पडलं, खरं सांगते. विचारलं नाही की सांगावं लागत नाही.

तर सांगवीत — काय मान दिला मला! कुठं चहा, कुठं ताक, एका आबांनी तर खाटेवरचं घोंगडं झटकून मला बसवलं आणि स्वतः उभे राहिले. आणि विचारलं की पटकन उत्तर — ‘संजीवनीताईच की! दुसरं कोण हाय हितं?’ दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तर बाईंनी मी विचारायच्या आधीच नाव घेतलं. मला वाटलं, काय लोकप्रिय बाई आहे! मी तेव्हा तुम्हाला बघितलंही नव्हतं — म्हणजे फोटोत बघितलं होतं. तेच तर सांगायचंय. फोटो. माझ्या खांद्यावर होता तो.

पिशवी, ताई. हादग्याच्या कार्यक्रमाला मानसिंगरावांनी वाटलेली, गुलाबी, तुमचा हात जोडलेला फोटो आणि खाली एवढ्या मोठ्या अक्षरात नाव. माझ्या खोलीच्या मालकीणबाईंना मिळाली होती, त्यांनी मला डब्यासाठी दिली. मी इंदापूरकडची, मला त्यात काय दिसणार? स्टँडवर दहा जणींच्या हातात तसली पिशवी असते, कुणी वाचतं का? मी ती खांद्याला लावून सांगवीची सगळी आळी फिरले. लोकांना वाटलं, ही संजीवनीताईचीच पोरगी, ताईनंच पाठवलीय. दारात आलेल्या पोरीला तिच्याच माणसाविषयी वाकडं कोण सांगेल? तुम्ही सांगाल? मी सांगेन? माझ्या आईकडं कुणी असं आलं असतं तर तिनं आधी पाणी दिलं असतं आणि मग पिशवीवरचंच नाव घेतलं असतं. याला दुतोंडीपणा म्हणतात का? आपल्याकडं याला माणुसकी म्हणतात. तोंडावर ‘न्हाय’ म्हणायची रीतच नाही आपल्यात.

कधी कळलं? … सिंधुबाईंकडेच कळलं. निघताना त्यांनी परसातली मेथी उपटली, मातीसकट माझ्या पिशवीत कोंबली, वरून तुमच्या फोटोवर हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘ताईला म्हणावं, शिंदूबाईनं तुमचंच नाव घेतलं. सांगशील न्हवं?’ मी पिशवीकडं बघितलं. ‘सांगते’ म्हणाले आणि पळतच स्टँड गाठला.

हो, तेव्हाच. तिकिटाच्या आधी. … बघू नका ना असं.

मी काहीच केलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी पणदऱ्याला मुद्दाम कॉलेजची जुनी सॅक घेऊन गेले, काळी, काही न लिहिलेली. मनात म्हटलं, देवा, इथं पण ताईंचंच नाव येऊ दे, म्हणजे पिशवीचं काही नाही असं होईल. तिथं पाणी मागावं लागलं. आणि बोलले लोक, भांडलेच आपापसात! पारावर दोघांची तर इतकी जुंपली की मी टॅब छातीशी धरून मागं सरकले. एक म्हणतो, ‘रोहिणी तोंडाची फटकळ हाय.’ दुसरा म्हणतो, ‘फटकळ आसूं दे, लायटीचा डीपी जळला तवा वायरमनला सोत्ता मोटरसायकलीव बसवून आणला तिनं. तुझं पाणी कुणामुळं सुटलं रं?’ ‘मोटरसायकल तिची न्हवती, माझी व्हती!’ — सगळे हसले. रोहिणी, रोहिणी, रोहिणी. तुमचं नाव… आलं. दोन-तीनदा आलं. तुमच्याविषयी वाईट कुणी बोललं नाही, शपथ.

मग सरांना सांगायला गेले. खरंच गेले, जिन्यात तीनदा वाक्य पाठ केलं — सर, सांगवीचं पुन्हा करावं लागेल. तर सर लॅपटॉप उघडूनच बसलेले. म्हणाले, ‘रेश्मा, सगळ्यांत सांगवीचा डेटा स्वच्छ. एकदम स्पष्ट कौल. हे पणदऱ्याचं मात्र काहीतरी वेगळंच येतंय, काय झालं तिथं?’ ताई, इथं मी फक्त तोंड उघडायचं होतं. सर मारणार नव्हते. फार तर ओरडले असते. पण सर आवाज चढवून बोलले की मी त्यांना हवं तेच बोलून टाकते, शाळेपासूनचं आहे ते… नाही, हे कारण नव्हे. हे काही कारण नव्हे. मी म्हणाले, ‘सर, तिथं सगळे ऊसतोडीच्या गडबडीत होते, नीट उत्तरंच दिली नाहीत कुणी.’ सर म्हणाले, मग काढून टाकू या. आणि काढलं त्यांनी पणदरे. माझ्यासमोर. म्हणजे खोटं होतं ते राहिलं, खरं होतं ते गेलं, आणि मी… मी ‘थँक्यू सर’ म्हणाले. कशाला म्हणाले काय माहीत.

पिशवी ही चूक होती. हे चूक नव्हतं. मला कळतं ते.

ताई, शिव्या द्या.

तुम्ही मला विचारलं होतं, आठवतं? तुमच्याकडं यायला लागले त्याच आठवड्यात. अंगणवाडीचा राजीनामा लिहून ठेवला होता तुम्ही, मानसिंगराव घाई करत होते, आणि तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणालात, ‘खरंच गं, लोक माझं नाव घेतात? मला काही उभं राहायचं नाही बाई, पण लोक म्हणत असतील तर नाही कसं म्हणू?’ माझ्या डोक्याला तेल लावत होतात तुम्ही. मी मान खाली घालून बसले होते. मी म्हणाले, ‘हो ताई. एकजात.’ तुम्ही सकाळी जाऊन कागद देऊन आलात.

पणदऱ्यात सांगवीची एक सून माहेरी आली होती, तिनं काय म्हटलं होतं सांगू? सांगायला नको, पण आता काय उरलंय. ती म्हणाली, ‘संजीवनी लई ग्वाड बाई हाय, पोरांस्नी जीव लावती. म्हणून तर ऱ्हाऊ द्या तिला पोरांत. तिला तालुक्याला न्हेऊन बसावली तर आमची पोरं कुणाकडं जायाची?’ मी ते टॅबमध्ये ‘विरोधात’ असं टिपलं. दुसरा रकानाच नव्हता.

म्हणून म्हणते, सांगवीच्या बायकांना काही बोलू नका. त्यांना तुम्ही हव्याच होत्या, फक्त अंगणवाडीत. मतमोजणी उरकेल, मानसिंगराव चार दिवस घरात धुसफुसतील, पण तुम्हाला त्याच आळीतनं जायचंय, ताई. सिंधुबाईंशी तोडू नका. जे बोलायचं ते मला — काय? फोन? हा घ्या. … मी? मी काय सांगू सिंधुबाईंना? … नाही, सांगते. सांगते. वाजतोय. — हां, हॅलो, आजी? मी ताईच्या गाडीतनं बोलतीय — आजी, ताईचं — हॅलो? हॅलो? … ठेवला. ‘ताई’ एवढंच ऐकलं आणि ठेवला. परत लावू? … लागत नाही, बंद केलाय बहुतेक.

विशालला कशाला हाक मारताय? — सांगवीला? आत्ता? अहो, तिसरी फेरी पुकारतायत, मानसिंगराव काय म्हणतील? … बरं. मी सांगते त्यांना काहीतरी — नाही, काहीतरी नाही, आहे तेच सांगते. पण मी पण येते ना ताई, मीच बोलते म्हातारीशी, मागं बसते, तुमच्या —

नको?

… बरं. उतरते.