पिवळी फीत

पुढचा मजकूर मी मार्च महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, विद्यापीठाच्या वाचनालयामागच्या पायऱ्यांवर ऐकला. ज्या तरुणीला उद्देशून तो बोलला गेला होता, तिनेच तो मला सांगितला. ती एका क्रिप्टो-चलन कंपनीत प्रणालीतल्या त्रुटी शोधण्याचे काम करते. कंपनीच्या वार्षिक संमेलनातील संध्याकाळच्या मेळाव्यात तिच्या बाबतीत जे घडले, त्याची तिने लेखी तक्रार केली होती. आदल्या दिवशी सकाळी कंपनीच्या जनसंपर्क प्रमुख बाईंनी तिला बैठकीच्या खोलीत बोलावून घेतले. त्या भेटीत ती जवळजवळ काहीच बोलली नाही. मी ऐकलेले त्याच संध्याकाळी लिहून काढून तिला वाचून दाखवले आणि तिने सुचवलेल्या दुरुस्त्या केल्या. ते असे:

— नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिची पाठ मोडलीये, इकडे बैस, खिडकीपाशी. पडदा ओढू? राहू दे, बाहेरच्यांना दिसू दे, आपण काय लपूनछपून बोलतोय थोडंच. हे बघ, सही करायचा कागद साधा आहे. त्यातला 'गैरसमज' हा शब्द तुला खटकला म्हणे. कोणी सांगितलं ते सोड. पण गैरसमज नाही तर काय होतं ते? दारावरच्या टेबलाशी बसलेल्या पोरीने — कॉलेजातली पोर, संध्याकाळपुरती आलेली — तिने तुझ्या गळ्यात जांभळ्याऐवजी पिवळी फीत घातली. वक्त्यांना जांभळी, बाकीच्या — समुदायातल्या लोकांना पिवळी. झाली चूक. का झाली? अगं, तोवर दारातून जेवढ्या बायका आत आल्या तेवढ्या सगळ्या पिवळ्याच होत्या, तिने यादीत नाव न बघता तुलाही पिवळी दिली आणि म्हणाली, तुमच्या मैत्रिणी तिकडे खांबापाशी उभ्या आहेत! हसू येतं की नाही? — नाही येत. बरं.

आता त्या पांढऱ्या बुटांच्या गृहस्थांचं. गुंतवणूकदार आहेत, मोठे आहेत, आणि — तुझ्यामाझ्यात सांगते — डोक्यात हवा गेलेली आहे, पण म्हणून काही राक्षस नाहीत. त्यांनी तुला ब्लॉकचेन समजावून सांगितली. तुला! जिने आपल्या वॉलेटमधलं भोक शोधून काढलं, तिला! तक्रारीत ते वाचलं तेव्हा माझ्या तोंडातला चहा बाहेर यायचा राहिला. पण त्यांचं तरी काय चुकलं, पिवळ्या फितीच्या मुलींना पढवूनच ठेवलेलं होतं ना — 'मी या क्षेत्रात नवीन आहे, मला जरा समजावून सांगाल?' असं विचारायचं, आणि ते सांगायला लागले की माना हलवायच्या. म्हणजे — पढवलं होतं ते मुली पुरवणाऱ्या पुरवठादाराने, आम्ही नाही. हात ठेवला, हो, कमरेवर ठेवला, मी कुठे नाकारतेय? तू झटकलास तर म्हणाले, 'खरंच नवीन दिसतेस.' वाईट आहे. मी काय चांगलं म्हणतेय का त्याला? आणि तू तिथून सुटून स्टेजमागच्या दाराशी गेलीस, तर तिथल्या माणसाने पिवळ्या फितीला आत सोडलं नाही. मग तुझं भाषण कॅप्टननी केलं. स्वतःच्या कंपनीत स्वतःलाच कॅप्टन म्हणवून घेणारा मालक, त्याला काय, माइक दिसला की झालं! तुझ्याच स्लाइड्स वाचल्या, आणि बऱ्या नाही वाचल्या, हेही मान्य. भोकाची स्लाइड आली तेव्हा 'ही जरा तांत्रिक बाब आहे' म्हणून पुढे सरकले, आणि लोक हसले, का हसले देव जाणे.

पण म्हणून तू तक्रारीत तो प्रश्न कशाला घातलास — या मुली मागवल्या कोणी? अगं, तक्रारीत असे प्रश्न विचारतात का? काय झालं ते लिहायचं, कोणी केलं ते चौकशी बघून घेते. आणि चौकशी झाली की. पुरवठादाराने परस्पर केलं, कंपनीला कल्पना नव्हती, करार रद्द. सोमवारी निवेदन जाईल, तू 'गैरसमज' मान्य केलास की. — कल्पना नव्हती म्हणजे, इतकी नव्हती. गेल्या वर्षीचा तो फोटो फिरला नव्हता का सगळीकडे? स्टेजवर ओळीने पुरुष, सगळ्यांच्या अंगात तेच एक राखाडी जॅकेट, लोक विचारायला लागले, हे संमेलन आहे की आरशांचं दुकान! ते कॅप्टनना फार लागलं. या वर्षी सभागृहात बायका दिसल्या पाहिजेत, हेच टुमणं. एकीने सुचवलं, मग बायका इंजिनियर बोलवू या ना, आहेत, शोधल्या की सापडतात. तर कॅप्टन म्हणाले, शोधत बसायला वेळ कोणाला आहे, भाड्याने आणा. म्हणजे 'भाड्याने' हा शब्द त्यांचा नव्हे, माझा — नाही, त्यांचाच. मी समोर बसले होते, याच टेबलाशी. तू हे ऐकलं नाहीस.

आणि पुरवठादार म्हणजे कोणी लुंगासुंगा नाही. नीट काम करणारी बाई आहे. मुली तिच्याकडे टिकतात, घरी सोडायला गाडी ठरल्याशिवाय ती कुठे पाठवत नाही त्यांना. तिने तर फोनवर स्वच्छ सांगितलं होतं — 'ताई, माझ्या मुलींना वेगळी फीत दे, वर मोठ्या अक्षरांत सहायक असं छाप, म्हणजे या कामाला आल्यात हे लोकांना कळेल आणि कोणी अंगचटीला येणार नाही.' बरोबरच होतं तिचं. पण वेगळी फीत दिली तर फोटोचा उपयोग काय, असं कॅप्टन —

काय बघतेस?

ताई म्हणाली, त्यात काय एवढं. सगळेच मला ताई म्हणतात. — नाही म्हणत? बरं, नाही म्हणत. तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. धाकटी आहे ती माझी. सख्खी. झालं समाधान? आणि काम मी मिळवून दिलं नाही तिला, हे लिहून घे — नको, काहीच लिहू नकोस — तिने रीतसर मिळवलं, बाकीच्या पुरवठादारांनी फीत कुठली, मुली कुठे उभ्या राहणार, काही म्हणता काही विचारलं नव्हतं. हिने एकटीने विचारलं. आणि आता निवेदनात हिचंच नाव जाणार, 'परस्पर' हा शब्द चिकटवून. तो शब्द मी घातलाय. दुसरं कोण घालणार? शब्द घालायचाच पगार मिळतो मला. सकाळपासून तिचे फोन येतायत, मी उचलत नाहीये. परवा रविवार, आईकडे जेवायला जायचंय, तिथे आई आम्हा दोघींना अजून शेजारी शेजारी बसवते, लहानपणी फार भांडायचो म्हणून. काय सांगू मी तिला? भाजी वाढ?

तू सही केलीस की ती संपली. तिला पुन्हा कोण काम देणार, मुलींना फसवून नेणारी बाई म्हणून नाव होईल तिचं. आणि नाही केलीस, तर तुझा तो प्रश्न तसाच उभा राहतो, मागवल्या कोणी, आणि उत्तर ठाऊक असलेली माणसं याच खोलीत बसली होती, त्यात मी एक. मग मी संपले. या वयात मला कोण दारात उभं करणार गं? तरुण पोरं घेतात सगळे, राखाडी जॅकेटवाली. — मी तुला समजावायला बोलावलं होतं. छान समजावतेय! बोल ना काहीतरी. ओरड तरी. इतकं गप्प बसून माणसाच्या तोंडून काय काय काढून घेतेस तू. स्टेजवरून आपण जगाला काय सांगत फिरतो — एकदा झालेली नोंद कोणाला पुसता येत नाही, म्हणून आमच्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही! कडाडून टाळ्या पडतात त्याला. तेही वाक्य माझंच.

थांब. कॅप्टनचा फोन. — हो. हो, समोरच बसलीये. … नाही, रडत वगैरे नाहीये, कोणीच रडत नाहीये. … ऐकतेय मी. … वाक्य तयार आहे. … नाव घालायचं? पूर्ण नाव? … नाही, काही नाही, नुसतं विचारलं. … ठेवते.

…

जा तू. कागद राहू दे इथेच. — सही? मी मागितली का तुझ्याकडे आत्ता? जा म्हणते ना, मला काम आहे.

त्या तरुणीने सही केली नाही. निवेदन सोमवारी प्रसिद्ध झाले. ते मी स्वतः वाचले आहे. 'संमेलनात काही सहभागींची गैरसोय झाली, याबद्दल कंपनी दिलगीर आहे,' एवढेच त्यात म्हटले आहे. पुरवठादाराचे नाव त्यात नाही, 'परस्पर' हा शब्द नाही, आणि त्या स्त्रियांना कोणी बोलावले याचाही उल्लेख नाही. तक्रार अद्याप 'विचाराधीन' आहे. एप्रिलअखेर कंपनीच्या संकेतस्थळावर जनसंपर्क प्रमुखांच्या जागी दुसऱ्या व्यक्तीचे नाव दिसू लागले. मात्र पुरवठादाराविषयीचे ते वाक्य बाईंनी आपल्या हाताने काढले, की सही न मिळाल्यामुळे वकिलांनी ते काढायला लावले, याची खातरजमा मला कधीही करता आली नाही.