दीड टन आणि मधलं दार

एसीवाला : मोठा घेतला म्हणजे चांगला घेतला, असं नसतं हो साहेब. खोली बघून मशीन घ्यायचं. या हॉलला दीड टन पुरे.

मुलगा : पण दोन टनाचा घेतला तर बिघडलं कुठे? लवकर गार होईल.

एसीवाला : होईल की. चटकन गार होईल आणि मशीन आपोआप थांबेल. हवेतला ओलावा तसाच. म्हणजे गारही वाटणार आणि अंग चिकचिकही करणार. मग मलाच फोन कराल.

आई : (स्वयंपाकघरातून) चहा टाकू का तुम्हाला?

एसीवाला : नको काकू, आधीच केवढी धग आहे तिथे. साहेब, खरी गोम इथेच आहे बघा. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये नुसती कमान. गॅसची सगळी उष्णता इकडे येणार. असंच ठेवायचं तर मात्र दोन टन लागेल. सरकतं दार बसवलंत, तर दीड टनात आरामात भागेल.

मुलगा : मग दारच बसवू. सोपं आहे.

एसीवाला : बरं, संध्याकाळी इथे माणसं किती असतात? तेही धरावं लागतं.

मुलगा : तिघं. मी, बायको आणि मुलगी.

एसीवाला : आणि काकू?

मुलगा : आई... आई बहुतेक आतच असते.

आई : बरोबर सांगतोय तो.

मुलगा : आई, मला तसं नव्हतं म्हणायचं.

आई : अरे, खरं तेच आहे. चेहरा कशाला पाडतोस?

मुलगा : नाही, दार नकोच. दोन टनाचाच आणू. आतही गारवा येईल. तू तिथे घाम पुसत उभी आणि मी तुला दाराआड कोंडायला निघालो होतो. लाज वाटते मला.

आई : वाटू दे थोडी. पण मला कुणी विचारलं का?

एसीवाला : मी जरा गच्चीवर जाऊन बाहेरच्या युनिटची जागा बघून येतो.

आई : (हॉलमध्ये येत) थांबा हो, तुमच्यासमोरच होऊ दे. नाहीतर हा गोड बोलून विषय बदलतो.

मुलगा : विचारायचं काय त्यात? तुझ्यासाठीच तर मोठा घेतोय.

आई : आत गार झालं की सगळे म्हणणार, आता आईला काय, मजेत काम आहे. मग आणखी चार फर्माइशी.

मुलगा : स्वयंपाकाला बाई ठेवू म्हटलं होतं मी.

आई : म्हटलं होतंस. आणि त्याच रात्री जेवताना म्हणालास, आईच्या हातची चव कुणाला येणार! मी अशी काही फुशारले! तेव्हापासून आतच आहे.

मुलगा : अगं, मनापासून कौतुक केलं होतं.

आई : माहीत आहे ना. म्हणून तर बोलता आलं नाही. धगीचं काही नाही रे, तिची सवय आहे. तुम्ही तिघं इकडे खो खो हसता. मी आतून विचारते, काय झालं? कुणीतरी येऊन सांगतं, पण तोवर त्यातली गंमत गेलेली असते. मला फार एकटं वाटतं तेव्हा.

मुलगा : ...कधी बोलली नाहीस.

आई : आज बोलले.

मुलगा : मग काय करू, तू सांग.

आई : दीडचाच घे. दारही बसव. मी इथे या खुर्चीत बसणार. एक दिवस तू आत जा, एक दिवस सूनबाई, एक दिवस मी.

एसीवाला : म्हणजे दीड टन नक्की ना साहेब?

मुलगा : नक्की. पण आई, मला काही येत नाही गं. भाताचं पाणीसुद्धा चुकतं.

आई : चुकू दे. आम्ही इथे बसून वाट बघू.