दोन अंडी राखून ठेवा

— नको, नको, तो पाय खाली टेकवू नकोस पोरी, तिथे खिळे सांडलेत. स्टुलावर बस आणि पाय त्या खोक्यावर ठेव. हां. बघू सँडल. वादी तुटलीय, बाकी काही नाही — चार टाके, एक खिळा, झालं. घड्याळ काय बघतेस सारखी? दहा वीस झालेत. भोंगा अकराला, तेव्हा जो असेल तिथे उभा राहील. आणि शाळा काय लांब आहे? रस्ता ओलांडला की शाळा, तो बघ अर्ध्यावर उतरवलेला झेंडा इथून दिसतोय. पोचशील. मखलूफ दादोनच्या दुकानातून अजून कुणी लंगडत गेलेलं नाही. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, हातात कागद — म्हणजे तू ती नवी संगीताची बाई. बरोबर? आणि आज शहीद सैनिकांचा स्मृतिदिन, म्हणजे गाणार तूच. काय गाणार ते सांगू नकोस, ते मी सांगतो — ऐक, रेडिओवर तेच लागलंय. सकाळपासून चौथ्यांदा. ‘येईल लेकरू, येईल लेकरू, वळणावरती धूळ दिसेल...’ अरे देवा, किती ते सावकाश! त्या बाईचं ‘धूळ’ म्हणून होईपर्यंत माझा एक टाका पुरा होतो. आवाज जरा कमी करतो. बंद नाही करत हो — आजच्या दिवशी बंद केला तर शेजारचा न्हावी मला वाळीत टाकेल.

तुझा फार जीव आहे का या गाण्यावर? असणारच. तुझ्या आईचाही असेल. आपल्या देशात माणूस रांगायला लागतो तेव्हाच हे गाणं त्याच्या कानात ओततात. यिफ्ताख लेवानोन, बावीस वर्षांचा सैनिक, सरहद्दीवरच्या कालव्याच्या चौकीवर मेला, मागे एक वही ठेवून गेला, वहीत हे गाणं — एवढं बालवाडीतलं पोरही घडाघडा सांगतं. त्याच्या नावाच्या शाळा आहेत, रस्ते आहेत, एक बोट आहे, आणि आमच्या नगरपालिकेने तर कमालच केली — येताना चौकात पाहिलंस ना? दोन दगडी अंडी. माणसाएवढी. ‘दोन अंडी राखून ठेवा’ ही ओळ आहे ना गाण्यात, म्हणून. महापौरांनी फीत कापली, सगळे रडले, न्हावीसुद्धा रडला. उन्हाळ्यात कुत्री बसतात त्यांच्या सावलीला. तेवढा उपयोग आहे, नाही असं नाही.

आणि तो प्राध्यापक! तू नव्हतीस तेव्हा इथे. वाचनालयात भाषण होतं त्याचं — नुसत्या त्या दोन अंड्यांवर त्याने जाडजूड पुस्तक लिहिलंय. म्हणाला, मातीला जाऊन आल्यावर सुतकातल्या माणसाला पहिला घास अंड्याचा देतात, का? तर अंड्याला तोंड नसतं, तसं दुःखालाही तोंड नसतं. म्हणून कवी म्हणतो, दोन अंडी राखून ठेवा — एक आईसाठी, एक देशासाठी. काय बायका हुंदके देत होत्या म्हणतेस! मी मागे बसलो होतो. मी हात वर केला. मला एकच गोष्ट सांगायची होती. तर तो प्राध्यापक मोठ्या प्रेमाने म्हणाला, “आजोबा, मोरी बाहेर डाव्या हाताला आहे.” सगळे हसले. मग काय करतो, गेलो मोरीत. हात धुतले, परत आलो, टाळ्या वाजवल्या.

काय सांगायचं होतं? जाऊ दे. तुला काय करायचंय. जरा तो दिवा इकडे सरकव — हां, बास. काय सांगायचं होतं म्हणजे... अगं, ती अंडी मी आणायचो!

हसतेस काय? खरंच सांगतो. जेवणाचा ट्रक होता माझ्याकडे. मागच्या तळावरून निघायचं, वाळूतल्या रस्त्याने कालव्यापर्यंत, तीन चौक्यांना जेवण पोचवायचं, शेवटची चौकी यिफ्ताखची. आणि कालव्यापलीकडून शत्रूच्या तोफा. आता माणसामाणसात फरक असतो — कुणी घाबरलं की त्याची वाचा बसते, कुणाला घाम फुटतो. मला भूक लागायची. मी काय करू? एका हाताने चाक धरायचं आणि दुसरा हात आपोआप पातेल्यात. उकडलेली अंडी, मोजून पाठवलेली. दोन खायचो. बरं, कधी चार. आणि पोचायचो उशिरा, कारण वाटेत बॉम्ब पडायला लागले की ट्रकखाली शिरायचो, आणि ट्रकखाली गेल्यावर लगेच बाहेर यायला मला कधी जमलं नाही. तर ती पोरं उपाशी, वैतागलेली, आणि हा यिफ्ताख, लांबलचक हातपायांचा, किबुत्झच्या सामायिक शेतवस्तीत वाढलेला पोरगा, रिकाम्या पेटीवर थापा मारत गाणं जुळवतो — ‘येईल मखलूफ, येईल मखलूफ, वळणावरती धूळ दिसेल! दोन अंडी राखून ठेवा, वाटेत बिचारा उपाशी असेल!’ कळलं आता? टोमणा होता तो! मी त्यांची अंडी गिळून येतोय आणि हा म्हणतोय, त्याच्यासाठी राखून ठेवा! आणि कसं म्हणायचे माहीत आहे? असं — टाळी, टाळी, पेटी — लग्नात वरात दारात आल्यावर म्हणतात ना, तसं. अख्खं गाणं संपायला मला ट्रकमधून उतरायला लागतो तेवढा वेळ. शेवटी सगळे मिळून ओरडायचे, “उशीर झाला, मखलूफ!”

आता ‘लेकरू’ कुठून आलं? तेच तर! तो गेला, वही सापडली, तेल अवीवहून एक संगीतकार आला. चांगला माणूस असेल, मी नाही म्हणत नाही. चाल लांबवली, लांबवली, इतकी लांबवली की बॅले बसवता आला असता. आणि मग अडलं ‘मखलूफ’पाशी. तूच सांग — रेडिओवर, देशाच्या दुःखाच्या दिवशी, ‘येईल मखलूफ’? आमच्या बापजाद्यांचं नाव, मोरोक्कोत फेझच्या बाजारात मसाला विकणाऱ्यांचं. ते कुणाच्या डोळ्यांत पाणी आणणार? हे नाव ऐकलं की लोकांना वाटतं आता कुणीतरी भाजीचा भाव सांगणार. काढलं मखलूफ, घातलं लेकरू. मात्रा बरोबर बसल्या. राष्ट्राचं काम झालं. वही संग्रहालयात आहे, काचेखाली — मी खास गेलो होतो बघायला, बसने, सव्वादोन तास. दुसरं पान उघडून ठेवलंय. पहिल्या पानावर माझं नाव आहे ना, म्हणून दुसरं. तिथल्या मुलीला म्हटलं, जरा पान उलट गं. म्हणाली, कागद फार नाजूक झालाय.

थांब, उठू नकोस, अजून एक टाका आहे. वेळ आहे गं. तर मी काय म्हणतो — तू तरुण आहेस, तुझ्यात हिंमत दिसते — आज तू ते खरं म्हण ना! जलद. टाळ्यांवर. एकदाच. निदान एक कडवं, निदान ‘मखलूफ’ एकदा. पोरांना मजा येईल. तसं तर कुणी... हो, कळलं, मुख्याध्यापिका. हो, आणि पहिल्या रांगेत आया बसलेल्या असतात, ज्यांची पोरं गेलीत त्या. कळतं मला. मी काही बैल नाही. पण तो असा नव्हता ना! तो असा मेणबत्त्यांमधून बघणारा, गळ्यात सूर दाटलेला असा नव्हता, तो एक नंबरचा वात्रट होता, सार्जंटच्या चालण्याची नक्कल करायचा, आणि त्याला कुणी पन्नास वर्षं असं रडकं करून ठेवलंय याचा मला राग येतो. माझं नाव गेलं त्याचं मला काही नाही. खरंच काही नाही.

त्याच्या आईकडे गेलो होतो मी. सुतकात. किबुत्झमध्ये रांग लागलेली, मोठमोठे अधिकारी. माझी पाळी आली. बाईच्या पुढ्यात बशी, बशीत सोललेलं अंडं, तसंच. तिने विचारलं, “तू त्याच्याबरोबर होतास का रे?” म्हटलं, “मी जेवण आणायचो.” तिचा चेहरा असा उजळला, काय सांगू. म्हणाली, “मग त्या दिवशी तरी पोटभर जेवला असेल.” म्हटलं, हो. जेवला. अंडी खाल्ली, दोन. ती म्हणाली, त्याला अंडी फार आवडायची.

नाही जेवला.

आता विचारलंसच तर — बरं, नाही विचारलंस. तरी ऐक. त्या आठवड्यात ते गाणं बाकीच्या चौक्यांवरही पोचलं होतं. तळावरचा आचारी म्हणायचा, पेट्रोल भरणारा म्हणायचा. मी पातेलं उचललं की मागून कुणीतरी टाळी द्यायचा. एकवीस वर्षांचा होतो मी, मोरोक्कोहून येऊन आठ वर्षं झालेली, आधीच जो तो हसायला टपलेला. आणि त्या सकाळी तोफा नव्हत्या. सगळं शांत. रस्ता मोकळा. मी वेळेवर पोचलो असतो, पहिल्यांदा, काही न खाता. आणि मला वाटलं — कशाला? बघू दे वाट. गाऊ दे. ट्रक बाजूला लावला, स्टोव्ह काढला, चहा केला, पुदिना घालून, सावकाश प्यालो. पाऊण तास. वळणाच्या अलीकडे. अगदी अलीकडे, दोन मिनिटांवर.

आणि त्याची सवय अशी की जेवणाची वेळ झाली की चौकीच्या वाळूच्या बांधावर चढून वळणाकडे बघायचं. धूळ दिसली की त्याने सुरुवात करायची, मग खालच्यांनी टाळ्या. रोजचं होतं ते. एरवी दिसायचीच थोड्या वेळाने. त्या दिवशी तो किती वेळ उभा राहिला असेल वर, पलीकडच्यांना दिसेल असा... एकच गोळी झाडली त्यांनी, तीही मी ऐकली. चहा पिताना. मला वाटलं, कुणीतरी बंदूक साफ करतोय.

मग पोचलो मी. धूळ उडवत, हॉर्न वाजवत, अगदी ऐटीत. कुणी गायलं नाही. पातेली उतरवली, एकही अंडं कमी नव्हतं. पोरं उभी होती नुसती, मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो, की कुणीतरी म्हणेल, शिवी देईल, एकजण तरी म्हणेल उशीर झाला, मख—

भोंगा. ऊठ. नाही, सँडल राहू दे, अशीच उभी राहा.

...

झालं. बस जरा — नाही, बसू नकोस, जा. हे घे. हो, घाल ना, शिवून झालीय. कधीच झालीय. साडेदहालाच झाली होती, मी आपला हातात धरून बसलो होतो. काही द्यायचं नाही, पाकीट आत ठेव. आणि डोळे पूस, तिथे वाटेल की गाण्याआधीच रडतेस. महापौरांचं भाषण व्हायचंय अजून, मग प्रार्थना, तोवर पोचशील.

आणि ऐक. मघाशी म्हटलं ते जलद म्हणायचं, ते सोड. आहे तसंच म्हण, लेकरू तर लेकरू. सावकाश म्हण. ‘वळणावरती’ला जेवढं ताणता येईल तेवढं ताण. तेवढाच मखलूफला पोचायला वेळ मिळतो. जा, पळ आता — उशीर झालाय.