कुलगुरूंकरिता

प्राध्यापिका : थांबा काका, कुलगुरूंची टोपणनावं लिहू द्या. पहिले ‘घड्याळ’, दुसरे ‘सिमेंट’. आणि तिसरे?

कुलसचिव : ‘विमान’. सदानकदा परदेशी परिषदांना. परत आले की दोन दिवस झोप काढायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा बॅग भरलेली. पण हे सगळं पुस्तकात घालणार आहेस का? विद्यापीठ छापतंय म्हणालीस ना?

प्राध्यापिका : घालणारच. नाहीतर कुलगुरूंचा इतिहास म्हणजे नुसत्या तारखा आणि कोनशिला. कोण वाचणार? पहिल्या चारही जणांना जवळून बघितलेले तुम्ही एकटेच उरलात.

कुलसचिव : जवळून कसलं. घड्याळसाहेबांच्या वेळी मी साधा कारकून. दहा वाजता ते व्हरांड्यात उभे राहायचे, उशिरा कोण येतंय ते बघायला. आम्ही मागच्या जिन्यानं चढायचो. सिमेंटसाहेबांच्या वेळी मी अधीक्षक झालो. तेव्हा आवारात विद्यार्थ्यांपेक्षा गवंडी जास्त. विमानसाहेब सहीला सापडायचे नाहीत, म्हणून मला कुलसचिव केलं. जागेवर बसणारा कोणीतरी हवा होता.

प्राध्यापिका : आणि बाबांना काय म्हणायचे?

कुलसचिव : तुला ठाऊक नाही?

प्राध्यापिका : घरी कोण सांगणार?

कुलसचिव : ‘आजोबा’. पन्नाशीतच केस पांढरेफटक. आणि कुठलाही मुलगा समोर आला की आधी विचारणार, जेवलास का. कामाचं मग.

प्राध्यापिका : मला नाही कधी विचारलं.

कुलसचिव : अगं, विचारायला तू घरी कुठे होतीस? तसं नव्हतं म्हणायचं मला. बस, चहा येतोय. आज मेहुणी आलीय म्हणून. दर गुरुवारी येते, माझ्या आठवड्याच्या गोळ्या डब्यात भरून जाते. एरवी माझा चहा मीच करतो. तो तुला दिला असता तर पुस्तक अर्धंच राहिलं असतं.

मेहुणी : घ्या. साखर बेताचीच घातलीय. तुम्ही साहेबांच्या कन्या ना? नाक तेच. भाऊजी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट चढवून बसलेत हो. खुर्च्या पुसून पुसून झिजवल्या.

कुलसचिव : पुरे.

मेहुणी : पुरे काय? माझ्याशिवाय या घराची घंटा कोणी वाजवत नाही. निवृत्त झाले त्या वर्षी निदान पेन्शनचे कागद विचारायला तरी लोक यायचे. आता तेही नाही. बोला तुम्ही, मी इथेच बसते. माझ्या कानालाही तेवढीच करमणूक.

प्राध्यापिका : बसा ना मावशी. काका, आता मुद्द्याचं. बाबांचं शेवटचं सव्वा वर्ष. पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण तेच आहे. जिन्यावरून पडले, कंबरेचं हाड मोडलं, आणि तिथून पुढे सगळा कारभार बंगल्यातून. त्याच काळात ग्रंथालय रात्रभर उघडं राहायला लागलं. संपातसुद्धा निकाल वेळेवर लागले. आणि मुलांना आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क मिळाला. त्यासाठी सगळीकडे आपल्या विद्यापीठाचं उदाहरण देतात.

कुलसचिव : देतात खरं.

प्राध्यापिका : खरं सांगू? हे प्रकरण मी माझ्यासाठीच लिहितेय. तेव्हा मी तिकडे परदेशात प्रबंध लिहीत बसले होते. एकदाही आले नाही. आले ती थेट ते गेल्यावर. एवढ्या वर्षांत त्यातल्या त्यात एकच समाधान आहे मला, की मी नव्हते तेव्हा बाबा नुसते छताकडे बघत पडून नव्हते. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्यांनी तेव्हा केलं.

कुलसचिव : चहा गार होतोय तुझा.

प्राध्यापिका : घेते. तर हे उत्तरपत्रिकेचं त्यांना सुचलं कसं?

कुलसचिव : एक मुलगी होती. दरवर्षी पहिली येणारी, आणि शेवटच्या वर्षी एका विषयात चार गुण. कचेरीच्या पायरीवर येऊन बसायची. रडणं नाही, भांडणं नाही. शिपाई उठवायचा, ही परत तिथेच. शेवटी तिच्या परीक्षा केंद्राचा गठ्ठा काढायला लावला. बघतो तर काय, तिच्या पुरवण्या सुटून दुसऱ्याच कोणाच्या उत्तरपत्रिकेला बांधलेल्या. तो पठ्ठ्या त्र्याऐंशी गुण घेऊन खुशाल घरी बसलेला.

प्राध्यापिका : काढायला कोणी लावला?

कुलसचिव : कोणी म्हणजे, कचेरीनं.

प्राध्यापिका : बाबा तर अंथरुणावर होते. पायरीवरची मुलगी त्यांना दिसली कशी?

कुलसचिव : मी सांगितलं. रोज संध्याकाळी बंगल्यावर जायचो ना, फायली घेऊन.

प्राध्यापिका : मग ते काय म्हणाले? त्यांचेच शब्द हवेत मला.

कुलसचिव : शब्द आता कुठले आठवायला?

प्राध्यापिका : तिचे चार गुण आठवतात, पुरवणी आठवते, त्या मुलाचे त्र्याऐंशी आठवतात. बाबांचे शब्द तेवढे विसरलात?

मेहुणी : असते तर आठवले असते.

कुलसचिव : तू आत जा बघू.

मेहुणी : नाही जात. ताईनं मरेपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही. मी काही ताई नाही. अहो बाई, तुमचे वडील कोणाला ओळखत नव्हते. कंबर जुळून आली कधीच, पण डोकं राहिलं नव्हतं ठिकाणावर. सव्वा वर्ष विद्यापीठ चालवलं ते या माणसानं. घरी यायचे ते दहाला, अकराला. ताई ताट झाकून बसलेली. आणि एवढं करून सही काय ठोकायची, तर ‘कुलगुरूंकरिता’.

कुलसचिव : कुलसचिव तशीच सही करतो. पद्धत आहे ती.

मेहुणी : कुलगुरूंनी सांगितलेलं असतं तेव्हा. एवढं मलाही कळतं.

प्राध्यापिका : काका, हे खोटं आहे ना?

कुलसचिव : नाही.

प्राध्यापिका : व्यवस्थापन परिषदेच्या बैठकांना त्यांचे निरोप वाचून दाखवलेत तुम्ही. मी पाहिलेत सगळे. किती सुंदर आहेत ते. एक तर मी प्रकरणाच्या सुरुवातीला घातलाय.

कुलसचिव : मीच लिहायचो. त्यांच्यासारखं वाटावं म्हणून जरा लांबवायचो.

प्राध्यापिका : आणि मी दर रविवारी बंगल्यावर फोन करायचे, तुम्ही उचलायचात, तेव्हा? साहेब आत्ताच झोपलेत. साहेब बैठकीत आहेत. रविवारी कसली बैठक, काका?

कुलसचिव : तू कधी विचारलं नाहीस.

प्राध्यापिका : नाही विचारलं. विचारलं असतं तर यावं लागलं असतं.

मेहुणी : पाणी देऊ का तुम्हाला?

प्राध्यापिका : नको. मला कळवलं का नाहीत? एक ओळ. मी आले असते. रडत, चिडत, कशीही, पण आले असते.

कुलसचिव : त्यांनीच बजावलं होतं. डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, हळूहळू सगळं पुसलं जाणार म्हणून. ते पुरते शुद्धीत होते तेव्हा. म्हणाले, पोरीला बोलावू नका, तिचं होऊ दे. मी हो म्हटलं. साहेबांना नाही म्हणायची सवयच नव्हती मला.

प्राध्यापिका : मग रीतसर प्रभारी नेमायचा. जगभर नेमतात.

कुलसचिव : नेमला असता. मला नव्हे. मागच्या जिन्यानं चढणाऱ्याला त्या खुर्चीवर कोण बसवतंय? ज्यांचं नाव पुढे होतं त्यांनी त्या मुलीला पायरीवरून हाकललं असतं. साहेबांच्या नावावर चाललं म्हणून चाललं. माझ्या नावावर एक दिवस चाललं नसतं.

प्राध्यापिका : म्हणजे उपकारच केलेत.

कुलसचिव : तसं नाही. आणखी एक आहे. मला ते काम जमत होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की आपण काहीतरी करतोय. सकाळी उठून कचेरीत जायची घाई व्हायची. घरी बायको थांबलेली असायची, ते दिसत होतं, तरी जायचो. साहेब गेले, नवे आले. हारतुरे, भाषणं. मी फाईल घेऊन उभा राहिलो नेहमीसारखा. कोणाला काही कळलंच नाही.

मेहुणी : चौघांना चार नावं ठेवली त्या कचेरीनं. यांना एखादं वाईटसुद्धा ठेवलं नाही.

प्राध्यापिका : तुम्हाला काय हवंय आता? स्पष्ट सांगा. पुढच्या आठवड्यात पुस्तक छापायला जातंय.

कुलसचिव : काही नको, असं म्हणणार होतो. सकाळपासून घोकत होतो तेच. पण हवंय. माझं नाव हवंय त्यात. मोठं प्रकरण नको. साहेबांच्या प्रकरणात एखादा परिच्छेद, की हे हे या माणसानं केलं. मी गेल्यावर हिच्याखेरीज कोणाला ठाऊक नसणार. आणि हिचंही वय झालंय.

मेहुणी : माझं वय काढू नका.

प्राध्यापिका : आणि तो परिच्छेद लिहिला तर बाबांचं काय उरतं? एक म्हातारा खोलीत पडलेला. नर्स आहे, खिडकी आहे. पोरगी परदेशात.

कुलसचिव : पोरी, मी असायचो.

प्राध्यापिका : तुम्ही होतात. मी नव्हते. तेच तर लिहावं लागेल मला.

कुलसचिव : मग नको लिहूस. इतकी वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं, काय बिघडलं? तू चिडू नकोस. मी ऐकवायला नको होतं.

मेहुणी : तुम्ही नाही, मी ऐकवलं. आणि मला अजिबात वाईट वाटत नाही. वाटतंय, पण असू दे.

प्राध्यापिका : तिथे काय करायचात रोज? संध्याकाळी?

कुलसचिव : खुर्ची ओढून बसायचो. दिवसभरात काय झालं ते सांगायचो, नेहमी सांगायचो तसंच. संप कुठवर आला, ग्रंथालयात किती मुलं बसली. ते ऐकायचे. मान डोलवायचे. त्या मुलीचं सांगितलं तेव्हा म्हणाले, वा. शेवटी मी निघताना विचारायचे, आपण कोण, कुठून आलात.

प्राध्यापिका : रोज?

कुलसचिव : जवळजवळ रोजच. मी सांगायचो, विद्यापीठातून आलोय. मग म्हणायचे, लांबून आलात, जेवून जा.

प्राध्यापिका : माझं नाव काढलं कधी?

कुलसचिव : नाही.

प्राध्यापिका : एकदाही?

कुलसचिव : कोणाचंच नाही गं. तुझ्या आईचंही नाही.

प्राध्यापिका : एखादं खोटं सांगायचंत, काका. एवढी खोटी सांगितलीत. हे एक सांगितलं असतं तर मी काही पुरावा मागायला आले नसते.

कुलसचिव : तेव्हा रोज सांगत होतो तुला. आता नाही होत.

मेहुणी : रडा बाई. इथे कोणी बघायला येत नाही. या घराची ती एक सोय आहे.

(प्राध्यापिका डोळे पुसते आणि वही पुन्हा उघडते.)

प्राध्यापिका : प्रकरण बदलावं लागेल. छापखान्याला थांबवते. एका परिच्छेदात मावणार नाही हे.

कुलसचिव : माझ्यासाठी नको. खरंच नको. मघाशी बोलून गेलो.

प्राध्यापिका : तुमच्यासाठी नाही. तुमच्यावर रागच आहे माझा, तो काही लगेच जायचा नाही. पण बाबांपाशी रोज कोण बसत होतं ते कुठेतरी लिहिलेलं असू दे. सांगा आता, अगदी सुरुवातीपासून. बाबा आता कचेरीत परत येणार नाहीत हे नक्की झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय केलंत?

कुलसचिव : काय करणार? सहीच्या फायली घेतल्या आणि कुलगुरूंच्या खोलीपाशी गेलो. दार वाजवलं. आत कोणी नाही, हे मला ठाऊक होतं. तरी थोडा वेळ बाहेर थांबलो.